विटाळ आणि वांझ यांच्या मधली बाई

आपल्या भाषेने बाईच्या पोटाबद्दल दोन शब्द फार जपून ठेवले आहेत. एक विटाळ आणि दुसरा वांझ. पाळी आली की विटाळ आणि लेकरू झाले नाही की वांझ. यांपैकी पहिला शब्द आपल्याला दोन्ही अंगांनी ठाऊक आहे. सवर्ण घरातली बाई चार दिवस विटाळशी असे. आपली अख्खी वस्ती बारा महिने विटाळात होती. एकीला कोपऱ्यात बसवले, दुसऱ्यांना गावकुसाबाहेर. दलित साहित्याने या शब्दाची जातीकडची बाजू चव्हाट्यावर आणली, हे त्याचे ऐतिहासिक कार्य होय. पण या शब्दाची बाईच्या पोटाकडची बाजू, आणि त्याच्या शेजारीच ठाण मांडून बसलेला 'वांझ' हा शब्द, यांना आपल्या साहित्याने आणि समीक्षेने पुरेसा हात घातला आहे काय? हा प्रश्न मला एका आजाराच्या निमित्ताने विचारावयाचा आहे.

त्या आजाराचे नाव पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. दवाखान्यात त्याला पीसीओएस म्हणतात, घराघरांत 'गाठीचा आजार' म्हणतात. साहित्याच्या नियतकालिकात आजाराची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, हा आजार बाईपर्यंत पोहोचतो तो शब्दांतून: डॉक्टरच्या चिठ्ठीतून, वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीतून, औषधी पुड्यांच्या जाहिरातींतून आणि सासूच्या टोमण्यातून. हे सारे लेखन आणि बोलणे तपासणे हे समीक्षेचेच काम आहे. अभिजनांची कविता तपासायची आणि आपल्या लेकीच्या हातातली चिठ्ठी वाचायची नाही, ही समीक्षा मला परवडणारी नाही.

प्रथम आजार काय आहे ते सरळ भाषेत सांगते. या आजारात अंडाशयात ज्या 'गाठी' दिसतात त्या गाठी नव्हेतच. दर महिन्याला एक स्त्रीबीज पिकून बाहेर पडावयाचे असते. येथे पुष्कळ बीजे अर्धवट वाढून थांबतात. सोनोग्राफीत तीच काळ्या मण्यांसारखी दिसतात. पुष्कळजणींत याच्या मुळाशी इन्सुलिन असते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून रक्तात ते वाढते. वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त तयार करावयास लावते. आणि बीज पिकत नाही. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, दिवस जात नाहीत. २००३ साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी निदानाची कसोटी ठरवली: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील अंडाशयाचे रूप, या तिन्हींपैकी दोन खुणा हव्यात आणि दुसरा आजार नाही याची खात्री हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननवयातील शंभर बायकांत १० ते १३ जणींना हा आजार असतो, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना तो आपल्याला आहे हे माहीतच नसते.

या आजाराचे पहिले गाजलेले वर्णन १९३५ चे. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात बायकांच्या अंडाशयाचा तुकडा शस्त्रक्रियेने काढला. सातहीजणींची पाळी सुरू झाली. दिवस मात्र दोघींनाच गेले. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. पाळी येणे आणि दिवस जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आजाराच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेले आहे. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मात्र ते अजून कोणी बाईला वाचून दाखवत नाही.

मी स्वतःचे सांगते, कारण आपल्या साहित्याने आपल्याला स्वतःचे सांगण्याचीच शिकवण दिली. मी शाळेत असताना माझ्या मानेवर काळी जाडसर घडी पडली होती. वर्गात बाईंनी मला उभे केले आणि विचारले, "तुमच्या वस्तीत पाणी येत नाही का? मान घासत जा." त्या रात्री मायने माझी मान वजरीने घासली. साल निघाली, रक्त आले, काळेपण गेले नाही. तो मळ नव्हताच. रक्तात इन्सुलिन वाढले की मानेवर, काखेत अशी काळी घडी पडू शकते, हे मला पंधरा वर्षांनी कळले. आमच्या कातडीवरची आजाराची खूण जगाला मळ म्हणून दिसली, कारण आमच्या कातडीवर दुसरे काय असणार, हे जगाने आधीच ठरवले होते. विटाळ हा शब्द असा काम करतो. तो रोगनिदान होऊ देत नाही.

लग्नाला तीन वर्षे झाली, तेव्हा सासूबाईंनी शेजारणीजवळ 'वांझोटी' हा शब्द उच्चारला. मी नवऱ्याबरोबर एका दवाखान्यात गेले. मला मूल हवे आहे, असे स्पष्ट सांगितले. डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली, 'गाठी आहेत' म्हणाले आणि सहा महिन्यांच्या गोळ्या लिहिल्या. घरी येऊन पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली, तर ती कुटुंबनियोजनाची गोळी. दुसऱ्या खेपेला मी विचारले, "डॉक्टरसाहेब, मला लेकरू पाहिजे आणि ही तर लेकरू न होण्याची गोळी आहे." ते म्हणाले, "आधी पाळी लायनीवर येऊ द्या. जास्त वाचू नका." मी मराठीची प्राध्यापिका. वाचू नका, हे मला सांगण्यात आले! ज्यांना वाचताच येत नाही त्यांना काय सांगितले जात असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

आता गोळी काय करते ते पाहू. या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीची संप्रेरके असतात. सरकारी 'माला-एन'चेच पाकीट पाहा. २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. संप्रेरकाच्या गोळ्या थांबल्या की रक्तस्राव होतो. तो गोळी थांबल्याचा रक्तस्राव असतो, बीज पिकून गेल्यानंतरची पाळी नव्हे. उलट, बीज बाहेर पडू न देणे हेच त्या गोळीचे काम आहे. म्हणजे कॅलेंडर लायनीवर येते. अंडाशय होते तिथेच राहते. गोळी बंद केली की बहुतेकींची जुनी रड पुन्हा सुरू होते.

याचा अर्थ गोळी वाईट असा नाही. जिला सध्या मूल नको आहे तिच्यासाठी ती उपयोगी आहे. चेहऱ्यावरचे केस, मुरमे कमी होतात, गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण होते, आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनेही तिला अशा बायकांच्या उपचारात मानाचे स्थान दिले आहे. माझी तक्रार वेगळी आहे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला दिले जाते, ही माझी तक्रार आहे. बाई विचारते मुलाचे. तिला उत्तर मिळते पाळीचे. हे का घडते? कारण समाजाप्रमाणेच दवाखान्यालाही बाईचे पोट त्याच दोन शब्दांतून दिसते. पाळी आली म्हणजे एक शब्द निकालात निघाला. दुसऱ्याचे पुढे पाहू. तोवर तिच्या वयाची वर्षे जातात, आणि त्या वर्षांची भरपाई कोणी करीत नाही.

गोळीशिवायचा मार्ग आहे काय? आहे, आणि तो गूढ नाही. पहिली तपासणी नवऱ्याच्या वीर्याची. तीच सर्वांत सोपी आणि स्वस्त असते, आणि नेमकी तीच टाळली जाते. मग बाईचे थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर. मग गर्भनलिका मोकळ्या आहेत काय ते पाहणे. कारण आपल्या देशात गर्भाशयाचा आणि नलिकांचा क्षयरोग हे वंध्यत्वाचे मोठे कारण आहे, आणि क्षय हा अर्धपोटी, कोंदट वस्तीतल्या माणसांना अधिक गाठतो. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरले तरी काहीजणींचे बीज आपोआप पिकू लागते. इन्सुलिनसाठी मेटफॉर्मिन आहे. बीज पिकविण्यासाठी लेट्रोझोल आहे: पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस घ्यायची गोळी, अर्थात डॉक्टरच्या देखरेखीखाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ७५० बायकांच्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के बायकांना जिवंत मूल झाले, जुन्या क्लोमिफीनने १९.१ टक्के. आपल्या देशात २०११ साली वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी आली होती. ती पुढे २०१७ साली उठली. आज २०२३ ची मार्गदर्शिका बीज पिकविण्यासाठी तिलाच पहिले औषध मानते. टेस्ट ट्यूब बेबीची लाखांची वाट यानंतरची आहे, आधीची नव्हे. आणि जिला गोळी नको आहे पण पाळी महिनोन्महिने येत नाही, तिने गप्प बसू नये. अस्तर साचून जाड होते, आणि त्यातून पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. तिला दर दोन-तीन महिन्यांनी दहा ते चौदा दिवस प्रोजेस्टेरॉनची गोळी देऊन ते उतरवून घेता येते. ही गर्भनिरोधक गोळी नव्हे.

हे सारे मला कोणी सांगितले? जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टर मुलीने. तिने केसपेपरच्या पाठीमागे अंडाशयाचे चित्र काढले आणि आधी नवऱ्याची तपासणी लिहिली. दहा मिनिटे लागली. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी जे झाले नाही ते त्या दहा मिनिटांनी झाले. मला माझे शरीर समजले.

आता लेखनाकडे वळते. मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत या आजारावर जे लिहिले जाते त्याचा नायक एकच शब्द आहे: 'लाइफस्टाइल'. चित्रात लॅपटॉपसमोर बसलेली गोरी मुलगी, हातात पिझ्झा. सल्ला असा की, ताण घेऊ नका, वेळेवर झोपा, सुकामेवा खा, पंचेचाळीस मिनिटे चाला. या मजकुरात आपली बाई कुठे आहे? जी रात्री दोनला उठून फडावर जाते, तिला कोणी चालायला शिकवावे? जिच्या ताटात रेशनचा तांदूळ आणि गोड चहा, वसतिगृहात वडापाव, तिने सुकामेवा कुठून आणावा? शिवाय दक्षिण आशियातल्या बायकांत इन्सुलिनचा हा बिघाड कमी वजनातही दिसतो. सडपातळ बाईलाही हा आजार होतो. शैली म्हणजे निवड. ज्याच्या हाती निवड नाही त्याच्या जगण्याला शैली म्हणणे हा त्याच्या दारिद्र्याला त्याचाच अपराध ठरविण्याचा सभ्य प्रकार आहे.

आणि जिथे चाळीस ओळींचा सल्लाही पोहोचत नाही तिथे काय होते, ते बीड जिल्ह्याने २०१९ साली दाखवले. ऊसतोड कामगार बायकांच्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. नवराबायको मिळून एक 'कोयता'. एक दिवस खाडा झाला की दंड. पाळी म्हणजे खाडा, म्हणून पिशवीच काढा. त्या सगळ्याजणींना हाच आजार होता असे मी म्हणत नाही. पण पोटात काय बिघडले आहे हे न सांगता पोटच रिकामे करणे आणि काय बिघडले आहे हे न सांगता गोळीचे पाकीट हाती देणे, या दोहोंत जातकुळी एकच आहे.

याच्या उलट टोकाला दुसरे लेखन आहे: 'हार्मोन्सशिवाय, निसर्गाच्या मार्गाने' म्हणणारे. गोळीला विरोध म्हणून कोणी या लेखनाकडे ओढले जाईल, म्हणून सावध करते. त्यातली पुडी घ्या. पुडीत काय आहे ते पुडीवर लिहिलेले नसते. त्यातली भाषा घ्या; शुद्ध बीज, शुद्ध आहार, तेजस्वी संतती. शुद्ध हा शब्द आला की आपण कान टवकारले पाहिजेत. शुद्धीची भाषा ही विटाळाचीच सख्खी बहीण आहे. तेव्हा 'गोळीशिवाय' याचे दोन अर्थ आहेत. एक, देवाधर्माच्या आणि शुद्धीच्या नावाने गोळी नाकारणे. दुसरा, आपल्या प्रश्नाचे ते उत्तर नाही हे समजून योग्य उपचार मागणे. मी दुसऱ्या अर्थाच्या बाजूने आहे आणि पहिल्याच्या विरोधात.

मग आपले साहित्य? मुक्ता साळवे हिने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तेव्हा डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांची थंडीवाऱ्यातली हालत तिने मांडली. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातली बाळंतपणे आहेत, उपाशी बाळंतिणी आहेत. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'ने २००३ साली बाईच्या शरीराविषयी आडपडदा न ठेवता लिहिले. हा आपला ठेवा आहे. पण यात जे पोट बहुधा दिसते ते भरलेले पोट आहे, वेणांनी फाटणारे पोट आहे. ज्या पोटात काही होत नाही ते आपल्या कथा-कादंबऱ्यांत बहुतेक नवसाच्या रूपाने येते. देवीची खणानारळाने ओटी, अंगारा, पोतराज. लेखक अंधश्रद्धेवर प्रहार करतो आणि पुढे जातो. ती बाई मात्र तिथेच राहते, कारण तिच्या पोटात नेमके काय घडते आहे याचे कुतूहल लेखकालाही नाही.

हे कुतूहल नसणे महाग पडले आहे. मूल होऊ दे, पहिली मुलगी तुला वाहीन, असा नवस खंडोबाला, यल्लम्माला बोलला गेला, आणि त्यातून मुरळ्या आणि जोगतिणी झाल्या. त्या झाल्या त्या बहुतांशी आपल्याच जातींतून. एका बाईच्या पोटाविषयीचे अज्ञान तिच्या लेकीच्या आयुष्याने फेडले. वांझ या शब्दाने केवळ एका बाईला रडवले नाही. त्याने एक प्रथा पोसली.

आपल्या परंपरेत मात्र या शब्दाला उत्तर आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांना मूल झाले नाही. जोतीरावांवर दुसऱ्या लग्नासाठी दडपण आले, ते त्यांनी मानले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि १८७४ साली एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. आपण या जोडप्याच्या तसबिरीला दरवर्षी हार घालतो आणि घरी येऊन सुनेला विचारतो, पाळणा कधी? सावित्रीबाईंना कोणी वांझ म्हणण्याची छाती करील काय? मग आपल्या सुनेला कोणत्या तोंडाने म्हणतो?

दुसरे उत्तर बाबासाहेबांचे. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी शरीरसंबंधाविषयी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हा त्यांचा अपराध. बाबासाहेबांनी कोर्टात कर्व्यांची बाजू लढवली. खटला हरला. पण अज्ञानातून विचारलेल्या प्रश्नाला ज्ञानाने उत्तर दिलेच पाहिजे, हे तत्त्व हरले नाही. पुढे १९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. म्हणजे गोळीचा हक्क हाही आपल्याच लढ्याचा हक्क आहे. तो मी कोणालाही हिरावू देणार नाही. मात्र तो हक्क बाईच्या समजून घेण्याचा आणि निवडण्याचा होता. १९८५ साली आंध्रमधल्या पटनचेरू येथे नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी जमवलेल्या बायकांना पुरती माहितीच दिली नव्हती, असे स्त्री संघटनांना आढळले आणि १९८६ साली त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न सांगता दिलेले औषध, मग ते मूल न होण्यासाठी असो की पाळी आणण्यासाठी, बाईला माणूस न समजता दिलेले असते.

मला मूल झाले की नाही, असा प्रश्न वाचकाच्या मनात एव्हाना आला असेल. मी त्याचे उत्तर देणार नाही. तो गावाचा प्रश्न आहे, आणि तो आला याचाच अर्थ तो शब्द आपल्याही डोक्यात अजून शिल्लक आहे. एवढे सांगते की उपचार सुरू झाल्यावर माझे बीज पिकताना मी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहिले, आणि त्या दिवशी मला माझ्या पोटाची लाज वाटली नाही.

तेव्हा मागणे थोडे आहे. लिहिणाऱ्यांनी ही विचार करणारी, प्रश्न विचारणारी, मूल नसलेली बाई आपल्या कथेत आणावी, नवसापुरती नव्हे. कार्यकर्त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात बाईबरोबर जाऊन तीन प्रश्न विचारावेत: ही गोळी कशासाठी? माझे बीज पिकते काय? नवऱ्याची तपासणी झाली काय? आणि शिक्षकांनी मुलींच्या माना पाहून बोलण्याआधी विचार करावा. गेल्या मे महिन्यात माझ्या वर्गातली एक मुलगी भर उन्हाळ्यात गळ्याला ओढणी घट्ट गुंडाळून बसत असे. तास संपल्यावर मी तिला थांबवले. म्हणाले, "पोरी, तो मळ नाही. घासू नकोस. आपण दवाखान्यात जाऊ." तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले, आणि मग ओढणी सैल केली.